‘जरासक डोकं दुखते’ म्हणणाऱ्या बाईची अर्धशिशी

कापूस फुटला की वऱ्हाडातल्या खेड्यांत दिवस लवकर उगवतो. चुलीवरचा स्वयंपाक आटोपायचा, लेकरांचे डबे भरायचे, डोक्याला फडके बांधायचे आणि वावराची वाट धरायची. वेचणीची मजुरी किलोवर. काट्यावर जेवढा कापूस भरेल तेवढेच पैसे. अशा दिवसांत एखादी बाई धुऱ्यावरच्या बाभळीखाली डोके धरून बसलेली दिसते. ऊन डोळ्यांना सोसत नाही म्हणून पदर तोंडावर ओढून घेते. बाजूला जाऊन उलटी करते. सोबतीण विचारते, "काय झालं वं?" ती म्हणते, "काई नाही व माय, जरासक डोकं दुखून राह्यलं." संध्याकाळी तिचा कापूस निम्माच भरतो. घरी जाऊन ती पुन्हा चुलीपुढे बसते, कारण भाकरी तर थापाव्याच लागतात.

वाचकहो, हे दुखणे जरासक नसते. याला आपल्याकडे अर्धशिशी म्हणतात, शहरातले डॉक्टर मायग्रेन म्हणतात. सुश्रुताने डोक्याचे रोग सांगितले, त्यांत ‘अर्धावभेदक’ म्हणून याची गणना केली आहे. म्हणजे रोग आजचा नाही, शहरी बायांचे नखरेही नाहीत. जगातल्या आजारांचा हिशेब मांडणाऱ्या तज्ज्ञांनी २०१९ च्या आकड्यांवरून सांगितले, की तरुण वयाच्या स्त्रियांना कामातून उठवणाऱ्या आजारांमध्ये मायग्रेनचा क्रमांक पहिला लागतो. पण आपल्या घरात त्याला आजाराचा मान नाही. ‘बायांचं डोकं दुखतच असते’ असे म्हणून आपण मोकळे होतो.

आपल्याच विदर्भातले एक उदाहरण आठवा. गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ मध्ये ती जगापुढे मांडली. शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होते, आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या जणी होत्या अवघ्या ८. तो अभ्यास डोकेदुखीचा नव्हता. पण त्यातला धडा इथेही लागू पडतो. बाईचे दुखणे विचारल्याशिवाय कळत नाही, आणि विचारतो कोण?

ओळखायची कशी?

साधी डोकेदुखी कपाळाभोवती पट्टा आवळल्यासारखी असते. माणूस कुरकुरत का होईना, काम करतो. अर्धशिशी तशी नाही. ती ठणकते. नाडीच्या ठोक्यासारखे घाव पडतात. बहुधा एका बाजूला, डोळ्यामागे किंवा कानशिलात सुरू होते. मात्र नावात ‘अर्ध’ आहे म्हणून दोन्ही बाजू दुखल्या तर अर्धशिशी नव्हे, असे समजू नका. उजेड नकोसा होतो, आवाज नकोसा होतो, फोडणीचा वास आला तरी मळमळते. जिना चढला, घागर उचलली, वाकून निंदण केले की ठणका वाढतो. इलाज केला नाही तर चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत ती टिकते. मग ओसरते आणि बाई पुन्हा धडधाकट दिसते. म्हणूनच घरच्यांना वाटते, ‘काल तर झोपली होती, आज चांगली हिंडून राह्यली.’

काही जणींना दुखणे सुरू होण्याआधी खूण मिळते. डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेघा दिसतात, नजरेतला एक तुकडा पुसल्यासारखा होतो, एका हाताला मुंग्या येऊन त्या तोंडापर्यंत चढतात, कधी शब्द सापडत नाहीत. हे हळूहळू वाढते, पाच मिनिटांपासून तासाभरापर्यंत राहते आणि जाते. काही घरांत यालाच ‘बाहेरचं’ समजून बाईला मांत्रिकाकडे नेतात. ते बाहेरचे नाही, मेंदूतलेच आहे. पण ही खूण नीट लक्षात ठेवा. पुढे एका फार महत्त्वाच्या गोष्टीसाठी ती लागणार आहे.

बायांनाच जास्त का?

लहानपणी मुलगा-मुलगी दोघांनाही हे दुखणे सारखेच होते. मुलीला पाळी सुरू झाली की पारडे फिरते. मोठ्या वयात पुरुषांपेक्षा स्त्रियांना ते दोन-तीन पट आढळते. पाळी येण्याच्या सुमारास शरीरातले इस्ट्रोजेन नावाचे द्रव्य एकदम खाली येते आणि त्या दोन-चार दिवसांत ठणका उठतो. गरोदरपणात, विशेषतः पहिले तीन महिने उलटल्यावर, अनेकींना आराम पडतो. बाळंतपणानंतर तो पुन्हा येतो. पाळी जाण्याच्या वयात थोडा वाढतो आणि पाळी कायमची गेल्यावर बहुतेकींचा कमी होतो.

इथे एक इशारा. ‘पिशवी काढून टाका, डोकं थांबेल’ असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. पिशवी काढल्याने अर्धशिशी बरी होत नाही. सोबत अंडाशयही काढले तर ती उलट वाढू शकते. ऊसतोड करणाऱ्या बायांच्या पिशव्या काढल्याच्या तक्रारींवरून २०१९ मध्ये राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली होती, हे विसरू नका.

स्टार्टर ट्रिप होतो तसे

आता हे होते कसे, ते आपल्या भाषेत पाहू. विहिरीवरच्या मोटरीचा स्टार्टर तुम्हाला ठाऊक आहे. व्होल्टेज खाली-वर झाले, एखादा फेज गेला की तो ट्रिप होतो. शेजारच्याचा स्टार्टर तेवढ्याने पडत नाही, तुमचा पडतो, कारण तुमची रिले नाजूक लावलेली आहे. अर्धशिशीच्या माणसाचा मेंदू तसाच नाजूक रिलेचा असतो. तो स्वभावाचा दोष नाही. बहुतेक वेळा वारशाने आलेला असतो. मायला असेल तर लेकीला असण्याचा संभव मोठा.

ट्रिप झाले की चेहऱ्याची आणि कपाळाची जाणीव मेंदूकडे नेणारी मोठी नस चेतते. तिच्या टोकांतून सुटणारी द्रव्ये मेंदूवरच्या आवरणाला सूज आणतात आणि दुखणे स्वतःच स्वतःला वाढवत नेते. म्हणून गोळी घ्यायची तर सुरुवातीलाच. ठणका पूर्ण चढल्यावर आतडी मंदावतात, गोळी पोटात पडून राहते किंवा उलटीत निघून जाते.

आता आपल्याकडच्या बाईचा दिवस पाहा. व्होल्टेज खाली-वर करणारे काय काय आहे? पहाटे उठणे आणि रात्री उशिरा पाठ टेकणे. सकाळी कोऱ्या चहावर निघणे आणि दुपारी दोनला पहिली भाकर. चतुर्थी, सोमवार, हरतालिका, नवरात्र असे उपासावर उपास. वावरात आडोसा नाही म्हणून लघवीला जावे लागू नये यासाठी पाणीच न पिणे. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या पलीकडे जातो, त्या उन्हात काम. चुलीचा धूर. लग्नाच्या वरातीतला डीजे. आणि घरातली काळजी, जिला माप नाही. यांतले एकेकटे कारण कदाचित काही करणार नाही. पण पाळीचे दिवस, त्यात उपास, त्यात ऊन असे तीन एकत्र आले की स्टार्टर पडलाच म्हणून समजा.

यावर उपाय कोणाच्याही हातातले आहेत. घरून निघताना अर्धी भाकर खाऊनच निघावे. पदराला फुटाणे किंवा गूळ-शेंगदाणे बांधावेत. पाण्याची बाटली सोबत ठेवावी. उपास सोडवत नसेल तर निर्जळी तरी करू नये, आणि पाळीच्या दिवसांत तो टाळावा. झोपायची-उठायची वेळ रोज एकच ठेवावी. चहा एकदम बंद करू नये आणि दहा वेळाही घेऊ नये. सासूबाईंना आणि घरधन्याला एवढेच सांगणे, की या गोष्टी लाड नाहीत, औषधाचाच भाग आहेत.

रोग रेड्याला, औषध पखालीला

डोके दुखले की आपल्या घरांत काय होते? फडके आवळून बांधतात, सुंठ उगाळून लावतात, बाम चोळतात, अंधाऱ्या खोलीत पडतात. यात अपाय काही नाही. अंधार आणि झोप तर खरोखर कामाची. पण बिब्ब्याने पोळवणे, डाग देणे, नाकात काहीबाही पिळणे हे करू नका. त्याने फक्त जखम वाढते. दर वेळी सलाइन लावून घेण्यातही अर्थ नाही.

मोठा धोका मात्र किराणा दुकानात आहे. काउंटरवरच्या बरणीत डोकेदुखीच्या गोळ्या असतात. पोरगा धावत जातो, एक घेऊन येतो. पहिल्यांदा आठवड्याला एक. मग वावरात जायच्या आधीच एक, ‘दुखू नये म्हणून’. मग रोज सकाळी चहासोबत एक. आणि एक दिवस असा येतो, की गोळी घेतली नाही तर डोके दुखते आणि घेतली तरी तासाभराने दुखते. इथे आता अर्धशिशीपेक्षा गोळीच दुखणे देत असते. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ दिवस किंवा जास्त, आणि कॅफीनसारखी दोन-तीन औषधे एकत्र असलेली गोळी १० दिवस किंवा जास्त, अशी तीन महिन्यांवर चालली की हा फेरा सुरू होऊ शकतो. रिकाम्या पोटी घेतलेल्या गोळ्यांनी पोटात व्रण आणि मूत्रपिंडाला धोका, तो वेगळाच.

ही भीती कागदावरची नाही. बेंगळुरूच्या निमहान्स संस्थेतील डॉक्टरांनी त्या शहरात आणि आसपासच्या खेड्यांत घरोघर जाऊन २,३२९ माणसांना विचारले. २०१५ मध्ये आकडे छापून आले. वर्षभरात मायग्रेन झालेली माणसे चारांत एक निघाली. पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त, आणि शहरापेक्षा खेड्यात जास्त. गोळ्यांच्या अतिवापराने होणारी डोकेदुखी तर स्त्रियांत पुरुषांच्या पाचपट, आणि तीही खेड्यातच अधिक. कर्नाटकातले खेडे आणि आपले खेडे यांत एवढा काय फरक?

या फेऱ्यातून बाहेर पडता येते. ती गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली बंद करावी लागते. पहिले काही दिवस डोके जास्त दुखते, तेव्हाच बाई हार मानते आणि पुन्हा दुकानाकडे वळते. ते दिवस घरच्यांनी सांभाळून नेले, तर पुढच्या काही आठवड्यांत फरक पडतो.

मग इलाज काय?

इलाजाचे दोन भाग. एक दुखण्याच्या दिवशीचा, दुसरा दुखणे वारंवार येऊ नये म्हणून रोजचा.

दुखण्याच्या दिवशी, ठणका सुरू होताच, काहीतरी खाऊन साधी गोळी पुरेशा मात्रेत घ्यावी. अर्धी गोळी चार वेळा घेण्यापेक्षा पुरती मात्रा एकदाच, वेळेवर. मोठ्या माणसाला पॅरासिटामॉल ५०० च्या दोन गोळ्या, किंवा जेवल्यावर आयब्युप्रोफेन ४०० ची एक, हे बहुतेक डॉक्टर सांगतात. पोटात व्रण, दमा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आयब्युप्रोफेन टाळावी. गरोदर बाईने तर मनाने कोणतीच गोळी घेऊ नये. तिला पॅरासिटामॉल चालते, तीही विचारून. मळमळ फार असेल तर डॉक्टर उलटी थांबवणारी गोळी जोडून देतात. एवढ्याने भागले नाही तर सुमाट्रिप्टानसारखी खास मायग्रेनची औषधे आहेत. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच, आणि हृदयविकार किंवा वाढलेला रक्तदाब असेल तर नाही. अर्गोटामीन असलेल्या जुन्या गोळ्या गरोदर बाईला कधीच देऊ नयेत. आणि कोणतीही गोळी असो, आठवड्यात दोन दिवसांपेक्षा जास्त लागू लागली, तर ती दवाखान्यात जाण्याची खूण समजा.

महिन्यात चार किंवा जास्त दिवस जात असतील तर रोजच्या औषधाचा विचार करतात. प्रोप्रानोलॉल आणि ॲमिट्रिप्टिलिन ही त्यातली जुनी, स्वस्त औषधे. पहिले दम्याच्या रोग्याला चालत नाही. दुसऱ्याने थोडी झोप येते म्हणून ते रात्री देतात. गुण यायला दोन-तीन महिने लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून सोडून देऊ नका. महिन्यातून आठ वेळा दुखणारे डोके चारवर आले तर औषध लागू पडले. समूळ जाईल असे वचन कोणी देत असेल, तर त्याच्यापासून सावध राहा. सोडियम व्हॅल्प्रोएट आणि टोपिरामेट ही औषधे पोटातल्या बाळाला अपाय करू शकतात. म्हणून मूल होण्याच्या वयातल्या बाईने डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे.

यासाठी आधी मुंबई-नागपूर गाठायची गरज नाही. सुरुवात उपकेंद्रातून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून करा. तिथे रक्तदाब आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी निघाले होते, आणि रक्त कमी असले तर गरगरणे, थकवा आणि डोकेदुखी यांत भरच पडते. पुढची पायरी ग्रामीण रुग्णालय. त्यापुढे अमरावतीचे जिल्हा सामान्य रुग्णालय, ज्याला सगळे इर्विन म्हणतात, आणि अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय. साध्या अर्धशिशीला दर वेळी सीटी स्कॅन लागत नाही, हेही लक्षात ठेवा. नीट विचारपूस आणि तपासणी यावरच निदान होते.

माला-एन घेणाऱ्या बायांसाठी

वर जी ‘खूण’ लक्षात ठेवायला सांगितली, ती इथे लागते. पाळणा लांबवण्यासाठी आशाताई ज्या माला-एन गोळ्या देतात, त्यांत इस्ट्रोजेन असते. बहुतेक स्त्रियांना त्या चालतात. पण जिला दुखण्याआधी चमकत्या रेघा, नजर पुसणे, हाताला मुंग्या असे होते, तिने इस्ट्रोजेनच्या गोळ्या घेऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेचे स्पष्ट सांगणे आहे. अशा बाईला त्यामुळे लकव्याचा धोका वाढतो. अशी खूण नसली, पण अर्धशिशी आहे आणि वय ३५ च्या पुढे आहे, तरीही त्या टाळाव्यात.

म्हणून आशाताईंना विनंती, गोळ्यांचे पाकीट हातात देण्याआधी एक प्रश्न विचारा: "डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढं काही चमकते काय?" उत्तर ‘हो’ आले तर पाकीट परत पिशवीत ठेवा आणि बाईला उपकेंद्रात न्या. तांबी आहे, आठवड्याची ‘छाया’ गोळी आहे, तिच्यात इस्ट्रोजेन नसते, निरोध आहे. ‘अंतरा’ इंजेक्शन मात्र डॉक्टरांना विचारूनच. आणि बाईनेही गोळ्या मनाने एकाएकी सोडून नुसते बसू नये. दुसरे साधन ठरवूनच बदल करावा.

ही अर्धशिशी नव्हे, गाडी बोलवा

काही डोकेदुख्या वाट पाहण्याच्या नसतात. गरोदर बाईचे, विशेषतः पाच महिन्यांनंतर, डोके जोरात दुखते, डोळ्यांपुढे अंधुक होते, तोंडावर सूज येते: हा वाढलेला रक्तदाब असू शकतो, पुढे झटके येतात. बाळंतिणीचे पहिल्या सहा आठवड्यांत न थांबणारे डोके दुखणे. क्षणार्धात, वीज कोसळावी तसे उठलेले, जन्मात कधी झाले नाही असे दुखणे. ताप आणि ताठलेली मान. एका बाजूची ताकद जाणे, तोंड वाकडे होणे, बोबडी वळणे, झटका येणे. डोक्याला मार लागल्यानंतरचे दुखणे. यांतले काहीही असेल तर १०८ ला फोन करा. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली किंवा दिवसेंदिवस वाढत जाणारी डोकेदुखीही त्याच आठवड्यात दाखवा.

आणि एक आपल्या भागातले. फवारणीच्या दिवशी डोके दुखते, मळमळते, घाम सुटतो, तोंडाला पाणी सुटते, नजर अंधुक होते, बाहुल्या बारीक होतात. ही विषबाधा आहे. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपण विसरलो नाही. पंप पाठीवर पुरुषाच्या असला तरी पाणी आणून देणारी, औषध कालवणारी, विषाचे कपडे धुणारी बाईच असते. तिला अंधाऱ्या खोलीत निजवू नका. कपडे बदला, साबणाने अंग धुवा, औषधाचा डबा सोबत घ्या आणि थेट दवाखाना गाठा.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर तीन खुणा

डॉक्टर विचारतात, "महिन्यातून किती वेळा दुखते?" बाई म्हणते, "दुखतच असते." तिथेच इलाज अडतो. आपल्या घरात भिंतीवर कॅलेंडर असते. त्यावर चतुर्थी पाहतो, दुधाचा हिशेब लिहितो, गाय कधी फळली ते लिहितो. त्याच चौकोनात आणखी तीन खुणा करा. डोके दुखले त्या दिवशी फुली. गोळी घेतली त्या दिवशी गोल. पाळीच्या दिवशी आडवी रेघ. लिहिता-वाचता येत नसले तरी हे जमते. तीन महिन्यांनी ते कॅलेंडरच खिळ्यावरून काढून दवाखान्यात न्या. फुल्या रेघांच्या जवळ दिसल्या, तर दुखणे पाळीशी जोडलेले. गोल दहाच्या वर गेले, तर गोळीचा फेरा. डॉक्टरांना एका नजरेत कळेल.

सरपंच आणि सदस्यांनीही थोडे मनावर घ्यावे. गावच्या आरोग्य समितीच्या बैठकीत हा विषय एकदा ठेवा. महिला ग्रामसभेत आरोग्यसेविकेला पंधरा मिनिटे बोलू द्या. किराणा दुकानदाराला समजावून सांगा, की महिन्यातून दहादा गोळी नेणाऱ्या घरी आशाताईंना पाठवायचे. रोहयोच्या कामावर सावली आणि पिण्याचे पाणी आहे का, ते पाहा. शेतमालकांनी धुऱ्यावर पाण्याची कॅन ठेवली आणि वेचणीच्या मधे दहाच्या सुमारास न्याहारीची सुट्टी दिली, तर त्यांचाच कापूस लवकर घरात येईल.

बैल लंगडला तर आपण त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरला बोलावतो. संत्र्याच्या पानावर डाग दिसला तर पान तोडून कृषी सेवा केंद्रात दाखवायला नेतो. घरातल्या बाईचे डोके वर्षानुवर्षे ठणकते, तिला मात्र बरणीतली एक गोळी. आज संध्याकाळी एवढेच करा. चुलीपुढे डोळे मिटून बसलेल्या बाईला विचारा, "किती दिवस झाले?" आणि ती ‘जरासक’ म्हणाली, तरी कॅलेंडरवर पहिली फुली तुम्हीच मारा.